अण्णांनी तपासलेलं शुभवर्तमान

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या शब्दापाशी अडले की मी अजून तुमच्या खुर्चीकडे बघते. तंजावरच्या या घरात मराठी बोलणारं आता कोणी नाही. यांना पहिल्यापासून चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, मुलांना समजतं पण ती उत्तर तमिळमध्ये देतात. मी ख्रिस्ती घरात लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीत. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आलात, तेव्हाही पहिले काही महिने आपलं बोलणं औषध आणि जेवण एवढ्यावरच होतं.

मग ती दुपार आली. मी स्वयंपाकघरात बसून शुभवर्तमान आपल्या घरच्या मराठीत उतरवत होते आणि लिहिलेलं स्वतःशीच मोठ्याने वाचत होते. बाई पिठात खमीर मिसळते, असं वाक्य होतं. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. सगळी नोकरी कोर्टात भाषांतरकार म्हणून काढलेला माणूस, तुम्हाला राहवलं नाही.

"खमीर? आपल्या घरात कोणी म्हटलंय कधी?"

"मग काय लिहू? विरजण?"

"पिठात विरजण घालतात का? तुझी आई काय करायची? कालचं थोडं पीठ भांड्यात ठेवायची आणि आजच्यात मिसळायची. तेच लिही."

मी लिहिलं. तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत, आणि मग म्हणालात, "तुझा देव तुझ्यापाशी. मला त्यात ओढू नकोस. पण मराठी माझी आहे, ती नीट लिही."

त्यानंतर रोज दुपारी तुम्ही बसायचात, डोळे मिटून ऐकायचात, मध्येच हात वर करायचात. "हे पुस्तकी झालं." "हे पुण्याचं झालं, तंजावरचं नाही." सकाळी पूजा केल्याशिवाय तुम्ही पाण्याला शिवत नव्हतात, आणि दुपारी येशू कोळ्यांशी कसा बोलला असेल यावर माझ्याशी भांडायचात. तुम्हाला त्यातलं काही पटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. शेवटचे अध्याय राहिले होते, तेव्हा तुम्ही गेलात. ते मी एकटीनेच पुरे केले. ते वाचताना आजही मला कळतं, कुठे तुमचा हात वर झाला असता.

छापायला कोणी तयार होईना. आमचे पाळक म्हणाले, मराठीत आहेच की, हे वेगळं कोण वाचणार? तेव्हा गावात नुकतीच ब्राउझिंग सेंटर निघाली होती. मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका सेंटरमध्ये बसून मी सगळं देवनागरीत टाईप केलं, इंटरनेटवर चढवलं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, विरामचिन्हं, कचरा. तो फाँट दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आणि तसंही, आपल्या माणसांत देवनागरी वाचणारे किती उरले होते? म्हणून सगळं तमिळ लिपीत पुन्हा लिहायला घेतलं. तिथे प आणि ब एकच अक्षर. बाप आणि पाप एकसारखे दिसायला लागले, अण्णा. मग प्रत्येक बापाच्या पहिल्या अक्षरावर बारीक आकडा बसवला, म्हणजे ब वाचावा. पानामागून पान तपासलं, कुठे बापाचं पाप झालं नाही ना म्हणून. तुम्ही असतात तर हसला असतात.

पानं दिसू लागली, तसा चुलतभाऊ घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ते काढून टाक. आपलीच भाषा घेऊन आपल्याच लोकांना बाटवतेस?"

"अण्णांनी तपासलंय ते."

"खोटं बोलू नकोस. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवू नकोस."

मी काढलं नाही. त्यानंतर राजवाड्याकडच्या आपल्या घरांतून लग्नामुंजीची बोलावणी बंद झाली. चर्चमध्येही मी तशी परकीच. तिथे सगळं तमिळ.

एकदा मात्र चेन्नईहून फोन आला. तुमची मामेबहीण. सुनेच्या कॉम्प्युटरवर पानं सापडली होती. सून तमिळ, ती अक्षरं लावून मोठ्याने वाचायची, तिला अर्थ कळत नव्हता, आणि आत्यांना वाचता येत नव्हतं पण सगळं कळत होतं. "देवाचं राहू दे गं," आत्या म्हणाल्या, "यात अण्णा बोलतात." काही महिने त्या अधूनमधून फोन करायच्या, मग त्याही गेल्या.

तुम्ही आता कुठे आहात, यावर माझं चर्च एक सांगतं आणि आपलं घर दुसरं, म्हणून या कागदावर पत्ता घालणार नाही. एकच सांगते. भाषांतर कधीच पुरं झालंय, त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी दुपारी मी पान उघडते आणि एखादं चांगलं बसलेलं वाक्य मुद्दाम मोडते, तुम्हाला विचारायला काहीतरी असावं म्हणून.