मृत्युदंड द्यायला तयार असलेले बारा

सोमवार, ८ सप्टेंबर

शाळेच्या स्वयंपाकघरातून आठवडाभर सुटी — कोर्टाचं बोलावणं. आमच्या वस्तीतल्या क्विंटन मॅब्रीचा खटला. पेट्रोलपंपावरच्या हॉलिसला गोळी घातली तो. वय बावीस.

बाराजणांच्या ज्युरीसाठी साठजण बोलावलेत. जज्जसाहेबांचा पहिलाच प्रश्न, "मृत्युदंड देऊ शकाल?"

शेजारची ओडेसा म्हणाली, "नाही साहेब. देवाला काय तोंड दाखवू?"

जा घरी. असे एकोणीस गेले, बहुतेक आमच्यातलेच काळे. म्हणजे आधी जीव घ्यायला तयार असलेली माणसं निवडायची — मग त्यांनाच गंभीर चेहऱ्याने विचारायचं, घ्यायचा का?

मंगळवार, ९

उरलेल्या काळ्यांना सरकारी वकील एकेक करून वगळतोय. कोर्टाचा शिपाई कर्टिस आमच्या चर्चचा, त्याच्या पोटात काही राहत नाही. कारणं म्हणे अशी — एकजण च्युइंगगम चघळत होता. एकीने नजरेला नजर दिली नाही. एकाला दाढी. पुढच्या रांगेतला गोरा विमा एजंट दिवसभर गम चघळत दाढी कुरवाळतोय. तो पक्का!

मला विचारलं, "मिस गेडिस, तुमच्या घरी कुणाचा खून झालाय?"

"भावाचा. लॉनीचा. मारेकरी सापडलाच नाही."

"मृत्युदंड देऊ शकाल?"

"देईन की."

वकील खूश. बारांत काळी मी एकटी, दाखवायला एक लागतेच. धडधडीत खोटं बोलले मी. आत शिरले ती जन्मठेप लिहायलाच. एकमत झालं नाही तर मृत्युदंड नाही. माझी एक चिठ्ठी पुरे.

गुरुवार, ११

दोषी. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतोय, वाद कसला?

शुक्रवार, १२

आता शिक्षेचं. जज्जसाहेबांनी एकवीस पानं वाचली. खून 'विशेष क्रूर' असेल तरच मृत्युदंड. साधा क्रूर खून कसा असतो, ते त्या पानांत नाही. एजंट घोरत होता.

मग हॉलिसची बहीण उभी राहिली. "चेहरा ओळखू येत नव्हता," म्हणाली. "मोज्यांवरून ओळखला. मीच रफू केले होते."

लॉनीला मी कानावरून ओळखलं होतं.

जेवायला तळलेला कॅटफिश होता. ताट तसंच परत दिलं.

शनिवार, १३

बारा चिठ्ठ्या. बाराही मृत्युदंड. माझा हात कुणी धरला नव्हता.

निकाल वाचला तेव्हा मॅब्रीच्या आईने बाकी अकराजणांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिली.