तो ठसका नव्हता

९ नोव्हेंबर

अब्बा गेले! जुन्या जालन्यात, आपल्याच घरी, जेवता जेवता. मटणाची बोटी घशात अडकली. मी इकडे आष्टीला, सासरी. पोचले तर जनाजा उठायच्या तयारीत.

१२ नोव्हेंबर

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला अम्मी तेच सांगते. अब्बांना ठसका लागला. ती हसत म्हणाली, नाहिद याद कर रही होगी. टाळूवर थोपटलं, पाण्याचा गिलास तोंडाला लावला. अब्बा गप्पच, हात गळ्याशी. आणि खाली कोसळले.

आज सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली — "उसी वक्त क्यों याद करी तू?"

त्या वेळी मी नळावर जावेशी भांडत होते. अब्बा माझ्या डोक्यातही नव्हते. तेच जास्त लागतंय.

मराठी शाळेत शिकले ते बरं झालं. हे अम्मीला वाचता येणार नाही.

२० नोव्हेंबर

अम्मी फोनवर येत नाही. भाऊ म्हणतो, थोडं सबर कर. घ्या! बाप माझाही गेलाय.

४ डिसेंबर

बचत गटाच्या बायांना आज दवाखान्यात प्रथमोपचार शिकवले. अर्पिता सिस्टर म्हणाल्या, माणूस खोकतोय, बोलतोय, तर ठसका. खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला, हात गळ्याशी गेला, तर घास अडकलाय. मग पाणी बिलकुल द्यायचं नाही! पुढे वाकवायचं, पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार फटके. नाहीच निघालं तर मागून कवेत धरायचं, बेंबीच्या वर मूठ, आत आणि वर पाच हिसके. निघेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्याने १०८ लावायचा.

माझी पाळी आली. सिस्टर ओरडल्या, "जोर लावा ताई, माणूस जाऊन राह्यला समजा!"

माझे हातच उठेनात. बाहेर पायरीवर बसून रडले.

५ डिसेंबर

म्हणजे माझी आठवण नाही — तिचं पाणी! उद्या जालन्याला जाणार. चार बायांसमोर बोलली ना मला? चार बायांसमोरच सांगणार.

६ डिसेंबर

अम्मी अर्धी झालीय. मी तोंड उघडायच्या आधीच हात धरला माझा. "पानी तो मैं बराबर पिलाई थी ना?"

बिलकुल बराबर, म्हटलं. त्या वेळी आठवण मीच काढली होती, अम्मी.