मी फेकत नाही

१ जानेवारी १९८३, शनिवार
सिमेंट सप्लायरने दिलेली अरबी डायरी. उजवीकडून उघडते. अर्धं पान भरल्यावर कळलं की डिसेंबरात लिहितोय. फाडलं. पुन्हा सुरुवात.

संकल्प एकच. यंदा हाफिजभाई परकारांनी सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, की संपतचा हात सरळ आहे.

चार वर्षांपूर्वी या अरबी मुलखातल्या मराठी मंडळींच्या फ्रायडे क्रिकेटमध्ये मी ओपनिंग बॉलर होतो. हाफिजभाई अंपायर. रत्नागिरीचे, शिपिंग एजन्सीत हेडक्लार्क, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. पहिल्याच ओव्हरला तीनदा नो बॉल. म्हणे कोपर वाकतं, हा टाकत नाही, फेकतो. कॅप्टननं बॉल काढून घेतला, तो आजतागायत. तेव्हापासून मी ‘फेकी संपत’. फेकी या शब्दाचे दोन अर्थ. लोक दोन्ही घेतात.

सूड घेणार.

३ जानेवारी
कपाटाच्या आरशासमोर हात फिरवून पाहिला. काठीसारखा सरळ. रूममेट मच्छिंद्रला विचारलं. हा पारनेरचा, मी स्टोअरकीपर आहे त्याच कंपनीत ड्रायव्हर. म्हणाला, संपतराव, आरशात डाव्याचं उजवं होतं, वाकड्याचं सरळ बी होत असंल.

हाफिजभाईंशी आजपासून बोलणं बंद.

५ जानेवारी
हाफिजभाईंनी गावाहून आलेले सुके बोंबील पाठवले. दोनदा वाढून घेतले. निषेध म्हणून डबा न धुता परत केला.

७ जानेवारी, शुक्रवार
मॅच. मला नेहमीसारखं बाउंड्रीवर, म्हणजे जिथून नुसती वाळूच सुरू होते तिथे. बॉल आला. उचलला आणि तिथूनच स्टंप उडवला. रनआउट. हाफिजभाईंनी बोट वर केलं आणि ओरडले, काय फेक आहे रे बाबा! ‘फेक’. मुद्दाम.

मच्छिंद्रचे साहेब, मिस्टर वेंडेल, जीपला टेकून बघत होते. अमेरिकन, मेंटेनन्सचे मॅनेजर. क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. मॅच संपल्यावर माझा दंड दाबून पाहिला, गाय घेताना बघतात तसा. कॅम्पवर त्यांची बेसबॉलची टीम आहे, पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, टेक्सासला परत गेलाय. येतोस का, म्हणाले.

सूड चालून आला. तोही जीपमधून.

१० जानेवारी
वेंडेलसाहेब गॅस्केट न्यायला माझ्या स्टोअरमध्ये आले आणि बसलेच. एकेकाळचे पगारी पिचर! हीच नोकरी होती. सहा वर्षं छोट्या छोट्या गावांतून बसनं फिरायचं, बसमध्येच झोपायचं, उतरलं की मॅच. मोठ्या टीमचं बोलावणं एकदाच आलं, ते पंधरवड्यात मिटलं. मग खांदा गेला. एके सकाळी कोच म्हणाला, तुझं झालं. खलास. तेव्हापासून तेलकंपनी.

मी त्यांचा हात घट्ट धरला. विचारलं, त्या कोचचा सूड कसा घेतलात? साहेब म्हणाले, कसला सूड, दर नाताळला कार्ड पाठवतो. खरं तेच बोलला बिचारा, खांदा गेलाच होता.

माणूस प्रेमळ. पण जिद्द नाही. खांदा त्यामुळेच गेला असणार.

१४ जानेवारी
पहिली प्रॅक्टिस. मला मातीच्या ढिगावर उभं केलं. रनअप नाही. पलीकडे मुसळ घेतलेला माणूस. साहेब ओरडले, थ्रो! मी म्हणालो, सर, आय डोन्ट थ्रो. पुन्हा म्हणाले, थ्रो! पुन्हा म्हणालो, आय डोन्ट. मग विचारलं, देन व्हॉट डू यू डू? तत्त्वाचा प्रश्न होता, सविस्तर सांगितलं. ऊन चढलं. मुसळवाला खाली बसला. शेवटी साहेब अरबीवर आले, म्हणाले, यल्ला, चल, काय म्हणायचं ते म्हण, पण टाक.

तीनदा पिच केलं. पिच करणं म्हणजे फेकणं नव्हे. मुसळवाल्याला तिन्ही वेळा वारा लागला फक्त.

२८ जानेवारी
बायकोची, शशिकलाची, कॅसेट आली. पत्राऐवजी आम्ही बोलणं टेप करून धाडतो. मागच्या टेपमध्ये मी सांगितलं होतं, मी आता पिचर झालो. तिनं ऐकलं पिच्चर. कऱ्हाडात सगळ्या आळीला सांगून झालंय, आमचे हे अरबी पिच्चरमध्ये काम करतात. हिरॉइन कोण, हे तिनं एकाच कॅसेटमध्ये तीनदा विचारलंय. तिसऱ्या वेळी आवाज बरा नव्हता.

११ फेब्रुवारी
पुन्हा जिंकलो. कॅम्पवर मला ‘सॅम’ म्हणतात. टोपी मिळाली. टोपी घालून हाफिजभाईंच्या ऑफिसवरून मुद्दाम येरझाऱ्या घातल्या. शेवटी तेच बाहेर आले. म्हणाले, संपत, ऊन लागलं काय रे तुला? आत ये, चहा घे.

शत्रूचा चहा. अर्धाच प्यालो.

२५ फेब्रुवारी
४ मार्चला फायनल. आपल्या सगळ्या क्रिकेटवाल्यांना आमंत्रण. हाफिजभाईंना पहिल्या रांगेत खुर्ची. जिंकलो की सगळ्यांसमोर विचारणार, बोला अंपायरसाहेब, या हाताबद्दल आता काय म्हणता?

मच्छिंद्र म्हणाला, संपतराव, जिंका, पण इचारू नका. ड्रायव्हर माणूस. समोरच्या रस्त्यापलीकडे दिसत नाही.

४ मार्च
जिंकलो. शेवटचा मुसळवाला तर मुसळ टाकूनच गेला. टाळ्या थांबल्यावर विचारलं.

हाफिजभाई उठले. डोळ्यांत पाणी. येऊन मिठी मारली आणि त्या भोंग्यानं म्हणाले, वा रे माझ्या वाघा! काय फेकतोस! चार वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?

मंडळी खुर्च्यांवरून घसरली. मी म्हणालो, हे पिचिंग आहे. वेंडेलसाहेबांना साक्षीला बोलावलं. साहेबांनी माझं कोपर धरलं, दाराची बिजागरी हलवावी तसं उघडमीट करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, सगळी जादू इथं आहे, इतकं झकास वाकणारं कोपर उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. मच्छिंद्रनं त्याचं मराठी केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्यानं केलं.

५ मार्च
बेसबॉलचा राजीनामा. ज्या खेळात वाकड्या कोपराचं कौतुक होतं, तिथं संपतचं काम नाही. माझं वाकडं नाहीच, पण तत्त्व. साहेब हळहळले. म्हणाले, माझा तरी खांदा गेला होता, तुझं काय गेलंय?

हाफिजभाईंना निरोप धाडला. शुक्रवारी मला एक ओव्हर द्या. कोपर वाकणार नाही याची व्यवस्था मी करतो. उलट निरोप आला, दिली. बरोबर बोंबील.

९ मार्च
व्यवस्था स्टोअरमध्येच सापडली. पीव्हीसी पाइप. चार इंची ढिला. तीन इंची दंडापासून मनगटापर्यंत जेमतेम चढला. दंड अजून भरलेला आहे. आता बघतो कोण काय म्हणतो.

११ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
डाव्या हातानं लिहितोय.

पाइप घालून ओव्हर टाकली. पहिला बॉल कीपरच्या डोक्यावरून. दुसरा स्क्वेअर लेगच्या पाठीत. तिसरा वेंडेलसाहेबांच्या जीपच्या काचेवर. दर बॉलला हाफिजभाई सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं, खणखणीत ओरडले, हात सरळ! वाइड!

कॅप्टननं बॉल काढून घेतला.

पाइप निघत नाही. उन्हात हात सुजलाय. साबण झाला, तेल झालं, चौघांनी ओढून झालं. मच्छिंद्र बारीक दातांची करवत शोधायला गेलाय, गेला तेव्हा खुशीत होता. हाफिजभाई भात आणि कालवण घेऊन आले. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही. डाव्यानं जेवायचं आपल्यातही नाही, त्यांच्यातही नाही.

त्यांनी भात कालवला, घास केला आणि म्हणाले, आ कर.

केला.