डिले टाकून पाठव

३ फेब्रु., सोम.
ठाण्याच्या हॉस्पिटलातून तक्रार. आयसीयूत आमचा मॉनिटर अडकला. पडद्यावर नाडीची रेघ गोठलेली, अलार्म मुका. पेशंटचा चेहरा नर्सला बरा वाटला नाही, म्हणून वाचला.
कामत सर : "वैशाली, कर्नल तुझा. शोध."
माझा कसला. कर्नल, म्हणजे मॉनिटरचा गाभ्याचा प्रोग्राम, लिहिणारा अमेय सोडून गेला, गळ्यात माझ्या.

५, बुध.
लॉग, म्हणजे प्रत्येक पावलाची नोंद, टाकला की अडकत नाही, काढला की अडकतो. टायमिंगची भानगड. टेस्टिंगचा रोहन हसतो : "तू बघत असलीस की शहाण्यासारखं वागतं यार."

८, शनि.
घरूनच काम. आई : "गो वैशू, आधी जेव. ता यंत्र खंय पळान जाणा नाय."
जेवता जेवताच सुचलं. बोटाचा सेन्सर काढून परत लावला की नाडी मोजणारा जुना टास्क संपतो, कर्नल त्याची मेमरी सोडतो. पण शेड्युलर, म्हणजे पाळी ठरवणारा, त्याच क्षणी अजून त्याच टास्ककडे बघत असतो. सोडलेल्या जागेत हात घालतो. ठप्प.
वापरणारे सगळे बाजूला झाल्याशिवाय मेमरी सोडायची नाही, बस. भात तसाच राहिला.

१०, सोम.
कामतांना सांगितलं.
"एवढं नको. मेमरी सोडायला थोडा डिले टाकून पाठव. शुक्रवारी माल जायचाय."
"सर, डिलेने बग जात नाही, लपतो."
"लपू दे ना."
राजीनामा मनात लिहिला, मनातच फाडला. आईचं डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर.

१२, बुध.
डिले नाही टाकला. नीट दुरुस्त केलं. रोहन दिवसभर सेन्सर काढत-लावत बसला, मॉनिटर एकदाही अडकला नाही. झकास! कामतही खूश.
मग विचारलं, हॉस्पिटलांत आधीच गेलेल्या मशीन्सचं काय?
"त्यांना कशाला घाबरवायचं? तक्रार आली की बघू."

१३, गुरु.
आईचं डायलिसिस, घराजवळ मुलुंडला. बेडशी मॉनिटर, दुसऱ्या कंपनीचा. तरी नजर त्याच्यावरच.
"तोंड असा कित्या केलंस?"
सगळं सांगितलं. मेडिक्लेमचं सोडून.
आई : "त्या नर्सबाईन बघल्यान म्हणान वाचलो तो. ती काय सारखी थयच बसान असतली?"

१४, शुक्र.
नव्या मालाचं रिलीज माझ्या अप्रूव्हलशिवाय निघत नाही. सकाळी कामतांना मेल, मालकांना कॉपी : आधी जुन्या मशीन्सना अपडेट, मग अप्रूव्हल.
कामतांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. आवाज अगदी मऊ.
"तुझ्या घरची परिस्थिती मला माहितीये, म्हणून समजावतोय."
उठून आले.
मालकांचं उत्तर नाही.
खाली टेम्पो लागलाय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. आत्ताच रोहनचा फोन : "खोके चढवू का गं?"
"थांब."
"कुठपर्यंत?"
"माहीत नाही रे. थांब."