तस्नीमला सातवं लागलं

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
५ जानेवारी १९५८

ती. सौ. मालतीताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. दवाखान्यातून फुरसत काढून उत्तर धाड, नाहीतर मागच्यासारखं दिवाळीचं पत्र संक्रांतीला येईल.

शेजारच्या बोहरी घरातल्या जैनबची तस्नीम आठवते ना? माझ्या शाळेत पहिलीत आहे, पाढे म्हणताना अख्खा वर्ग दणाणून सोडते. तिला सातवं लागलं. तिची आजी, म्हणजे जैनबची सासू, मला हळूच म्हणाली, पुढल्या आठवड्यात तिचा खतना आहे, पण पुरुषांत बोलू नकोस. मला वाटलं, आपल्या जावळासारखं काही असेल. हौसेनं फ्रॉक शिवायला घेतला, तर तो पाहून जैनब रडायलाच लागली. काय आहे गं हे? तू नर्स, तुला ठाऊक असणार. हे म्हणतात, दुसऱ्यांच्या धर्मात नाक खुपसू नकोस.

लोभ आहेच, आळस सोडून तो पत्रातही दिसू दे.

तुझी,
अलका

जळगाव
८ जानेवारी १९५८

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

फ्रॉक ठेव बाजूला. पोरीच्या लघवीच्या जागेचा नाजूक भाग ब्लेडनं कापतात, म्हणे मोठी झाली की ताब्यात राहील. आमच्याकडे अशी एक मुलगी रक्तानं भिजलेली आली होती. कोणाला जखम चिघळते, कोणाला जन्मभर त्रास होतो. फायदा एकीलाही नाही.

अरविंदरावांना सांग, सात वर्षांच्या लेकराला कापणं हा कोणाचाच धर्म नव्हे. आणि तूही नाक मुरडू नकोस. आपल्या आत्याचं केशवपन करायला बाहेरचं कोणी आलं नव्हतं, पाट आपल्याच माणसांनी मांडला होता.

मोहल्ल्यात मात्र ओरडू नकोस. दोन जमातींचं भांडण पेटेल आणि पोर राहील बाजूला. जैनबला गाठ, सगळं समजावून सांग. नवऱ्याशी बोल म्हणावं. हे बायकाबायकांत दडपलेलं असतं, कित्येक पुरुषांना पत्ताच नसतो. तोवर तस्नीमला आजीबरोबर एकटी पाठवू नका.

प्रकृतीस जप. भीड मात्र मुळीच धरू नकोस.

तुझी,
मालती

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
२० जानेवारी १९५८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तस्नीम सुखरूप आहे!

जैनबनं सगळं ऐकलं आणि मग आपलंच सांगितलं. सात वर्षांची असताना तिला जलेबी देते म्हणून नेलं. पाय तिच्या आईनंच धरले होते. त्यानंतर आईच्या मांडीवर तिनं कधी डोकं ठेवलं नाही.

तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, तुझंही केलं होतं का? तिनं मानेनं हो म्हटलं, तसा तो दुकान उघडायचं सोडून पायरीवर बसला आणि रडला.

मग दोघांनी आजीला साफ नाही सांगितलं. आजी म्हणाली, हिच्याशी लग्न कोण करील, लोक काय म्हणतील? जैनब म्हणाली, लोकांना मी उत्तर देईन, पण माझे पाय का धरलेस, असं माझ्या मुलीनं विचारलं तर तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नाही.

त्यांच्यात सगळं घर एका मोठ्या थाळाभोवती जेवतं. आजीनं जैनबला त्यावरून उठवलं. ती तस्नीमला घेऊन चुलीपाशी बसली. दुसऱ्या दिवशी नवराही तिथेच येऊन बसला. काल तिची जाऊ आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून आली आणि त्यांच्यात जेवायला बसली. ह्यांनी ऐकलं, तेव्हापासून नाकाची गोष्ट काढत नाहीत.

आजी एकटीच जेवते. जैनब म्हणते, त्या आल्या तर सरकून जागा देईन. पोरी देणार नाही.

तुझा जीव आमच्यावर आहेच, आता त्यात ह्या दोघी पोरींनाही घे.

तुझी,
अलका