सक्शनच्या बाटलीची तोटी

तीर्थस्वरूप दाजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमची पाठ आता बरी असेल असं धरून चालतो. माझं डोकं मात्र चार दिवस तापलेलं आहे. इथल्या अतिदक्षता विभागात माझ्या हातची चार कामं आहेत: खाटेचं डोकं बरोबर तीस अंशांवर धरणारी लाकडी पाचर, व्हेंटिलेटरच्या नळीतलं पाणी छातीकडे परतू नये म्हणून ठोकलेला आकडा, न कुरकुरणारी ट्रॉली, आणि बाराही खाटांमागे भिंतीवर असलेल्या सक्शनच्या, म्हणजे रुग्णाचा ओढलेला कफ-लाळ साठवायच्या, बाटलीला खालून पितळी तोटी. (शिक्षण सातवी. पाचर कोनमापकाने खुशाल तपासा.)

त्याच पाचरीवर तुमच्या मातोश्री, आमच्या माई, नऊ दिवस आहेत. सहाव्या दिवशी ताप चढला, फोटोत उजवं फुप्फुस खाली पांढरं. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग. असेलही, पण ते पांढरं म्हणजे पू, पाणी की नुसता अडकलेला कफ, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी बारीक नळी घालून छातीतला कफ तपासायचा. अहवाल आला: तीन जातींचे जंतू, तिन्ही निगरगट्ट. लगेच दोन जालीम औषधं सुरू, आणि दुसऱ्या दिवशी माईंची लघवी निम्म्यावर. ताई बाहेरच्या बाकावरून माझ्याकडे असं बघत होती, जणू जंतू मीच पाळलेत.

लॅबमध्ये कपाटाची बिजागरी बसवायला गेलो, तर माईंच्या नावाची कफाच्या नमुन्याची डबी गळ्यापर्यंत भरलेली. दाजी, छातीतून चमचाभर निघतं, तेही मिनतवारीनं. हा कफ छातीतला नव्हताच. भिंतीवरच्या बाटलीतला, लाळेसकट कालपासूनचा शिळा साठा होता.

डॉक्टरांना सांगितलं. ते (माझा पाना त्यांच्याहून वयानं मोठा आहे) म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही नळ्या बघा."

म्हटलं, "नळीच बघतोय. तिच्या टोकाला माझ्या बहिणीची सासू आहे."

आणि दारात उभा राहिलो, नवा कफ काढेपर्यंत. (पाना धमकीसाठी नव्हता. हातात होता.) दुर्बीण आत गेली: पू नाही, घट्ट कफाचं बूच. ते ओढलं, फुप्फुस उघडलं. ताप शिरेतल्या सुईचा निघाला. ती औषधं बंद झाली, लघवी सुधारली, आणि आज माईंनी डोळे उघडून ताईला केस विंचर म्हणून खुणावलं.

तुमचा मेहुणा

ता. क. : नर्सबाईंची तक्रार करू नका. डबी कुठून भरली विचारलं, तर कौतुकानं म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तोटीनं किती सोय झाली. बाटली उतरवायलाच नको." हे ताईला कळू देऊ नका, म्हणून तर पत्र तुम्हाला.

आणखी ता. क. : बाराही तोट्या काढून भोकं बुजवली. सामान पुरवणारा आला होता. शंभर दवाखान्यांत बसवायला तोटीचा नमुना विकत मागत होता. नाही म्हणालो. साठ हजार देत होता.