उलट्या पिळाची टोपली

मी, रोसाउरा ग्वार्ताम्बेल, वय एकाहत्तर, विधवा, धंदा गवती टोप्या-टोपल्या विणणे, राहणार एल वेसिनो आळी, कुएंका, इक्वादोर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या मंगळवारी कोर्टात जे पाहिले त्याने मला हे लिहायला बसवले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते, त्यातले चौथे कलम तर आधी. नर्स ब्रिहिदा सुम्बा हिला माझ्या अंत्ययात्रेत पाऊल टाकू देऊ नये, असे मी त्यात लिहिले होते.

एक. राहते घर मुलगा विल्सन याला. तो न्यूयॉर्कला इमारती रंगवतो आणि दर रविवारी फोनवर म्हणतो, "आई, पुरे कर आता. दवाखानेवाले मिटवायला तयार आहेत, तर मिटव ना. ताई काय परत येणारेय का?" नाही येणार, बाळा. घर घ्यायचे असेल तर बहिणीचा खटला शेवटपर्यंत चालवायचा, ही अट.

दोन. शेजारीण उर्सुलिना हिला काही नाही. तिच्या कोंबड्याने माझे गवत अकरा वर्षे उकरले. शिवाय जिला काही मिळत नाही तीच साक्षीदार म्हणून चालते, असे नोटरीसाहेब म्हणाले, म्हणून ती खाली सही करील.

तीन. टोप्यांचे लाकडी साचे, गवत पांढरे करायला गंधकाची धुरी देण्याची पेटी आणि दोन्ही इस्त्र्या ब्रिहिदा सुम्बा हिला. वाचणारा म्हणेल म्हातारीला भ्रम झाला. कारण ऐका.

माझी नोएमी शाळेत शिकवायची. वय एकतीस. पित्ताशयात खडे झाले म्हणून चार वर्षांपूर्वी एका सकाळी ऑपरेशनला आत गेली. स्ट्रेचरवरून म्हणाली, "आई, चेहरा काय पाडतेस? दुपारी भेटू. बटाट्याचं सूप कर, चीज जास्त घाल." सूप मी केले होते. ऑपरेशन चालू असताना भूल देणारे डॉक्टर एफ्राइन वासकोनेस म्हणाले, "अग्वीता दे." अग्वीता म्हणजे आमच्याकडे लाडाने पाणी. चहाच्या काढ्यालाही तेच, सलाइनच्या कुपीलाही तेच. ब्रिहिदाने टोपलीतून कुपी दिली, डॉक्टरांनी वर न बघता सिरिंजमध्ये भरून टोचली. ती पोटॅशियमची निघाली. दोन्ही कुप्या बोटाएवढ्या, दोन्हींतले औषध पाण्यासारखे. माझ्या मुलीचे हृदय जागच्या जागी थांबले.

कोर्टात सगळे त्या टोपलीवर येऊन अडले. औषधे ज्याच्या त्याच्या खोक्यात ठेवायची, हा नियम. मग सगळ्या कुप्या एका टोपलीत ओतल्या कोणी, टोपली आणली कोणी? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ब्रिहिदानंच आणली असणार. खेड्यातल्या बाया, घरची टोपली सगळीकडे घेऊन फिरतात." ब्रिहिदा म्हणाली, "माझी नाही हो, साहेब. आईशप्पथ माझी नाही." कोणी ऐकले नाही. तिचा परवाना आधीच गेला होता, ती मंडईत उकडलेला मका विकते. मी चार वर्षे तिच्या टोपल्यासमोरून जाताना मोठ्याने "खुनी" म्हणत गेले. एकदा तिच्या मक्यावर थुंकलेही.

मंगळवारी पहिल्यांदाच ती टोपली प्लॅस्टिकच्या पिशवीत टेबलावर ठेवली. मी वाकून तळ पाहिला. टोपली माझी होती.

नवीन लग्न झाले तेव्हा सासू म्हणायची, "हात आहेत का खुरं? दुसऱ्या फेरीत पीळ उलटा घालतेस!" ती खोड कधीच गेली नाही. तळाच्या दुसऱ्या फेरीत एक पीळ उलटा, माझ्या प्रत्येक विणकामात. पिशवीतल्या टोपलीच्या तळालाही तोच.

नवऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन नीट पार पडले, त्याच्या आनंदात मीच ती याच डॉक्टर वासकोनेसांना दिली होती. डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायचे नसते. आत डझनभर अंडी होती. ते हसून म्हणाले, "मावशी, अंडी घरी नेतो, टोपली इथंच ठेवतो. आमच्या अग्वीतांना झकास होईल." माझ्यादेखत त्यांनी स्वतःच्या हाताने ती औषधांच्या गाड्यावर ठेवली. मी घरभर मिरवत सांगितले की माझी टोपली ऑपरेशनच्या खोलीत आहे.

न्यायाधीशांनी विचारले, "ही टोपली कोणी ओळखतं का?" माझी जीभ उचलली नाही. आईनेच विणली, आईनेच दिली, असे सगळे म्हणतील, ही भीती वाटली. ब्रिहिदा माझ्याकडेच बघत होती, माझ्या शिव्यांची वाट बघत असावी. मी मान खाली घातली. हे मी केले, शुद्धीत असताना केले.

चार. घरात उरलेल्या नऊ टोपल्या कोर्टाने जुळवून पाहीपर्यंत कोणी विकू नयेत. तळ उलटून पाहावा.

पाच. माझी शवपेटी उचलताना पुढची उजवी बाजू ब्रिहिदाला द्यावी, तिची इच्छा असेल तरच. नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी, पेटी कलली तरी चालेल.

सहा. हे कागद उघडायला मी मरायची वाट पाहायची नाही. नोटरीसाहेबांनी याची प्रत आजच कोर्टात द्यावी. उद्या दहा वाजता मी स्वतः उभी राहून हेच सांगणार आहे. पण मंगळवारी माझी जीभ मला फितूर झाली, म्हणून आधी लिहून ठेवले.

साक्षीदार: उर्सुलिना मोरोचो. ("कोंबडा नऊच वर्षं होता," असे तिने लिहायला लावले.)
साक्षीदार: सेगुंदो पेराल्ता, शिंपी.

सही: रोसाउरा ग्वार्ताम्बेल. सहीखाली दोन बोटे वीण चिकटवली आहे. ती आत्ता नोटरीसाहेबांसमोर विणली. सरळ विणायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या फेरीत पीळ उलटाच पडला.

कुएंका, गुरुवार, १२ मार्च २०२०